कोरड्या दिवसांतला धूर

प्रिय दोर्कास वहिनी,

हे पत्र मी परत पाठवलेल्या कॉफीच्या नमुन्याच्या पिशवीत तळाशी, बियांच्या खाली ठेवलं आहे. पिशवी तूच रिकामी करणार, कारण हेनाओदादा ओतताना अर्ध्या बिया सांडतो म्हणून आई ते काम त्याच्याकडे देत नाही. शिवाय आपल्या हेवेगोपात पत्र कुणाच्याही नावाने आलं तरी वाचून दाखवायला तुझ्याकडेच येतं. म्हटलं, सरळ तुलाच लिहावं. फोनवर हे बोलता येण्यासारखं नव्हतं. दादाचा फोन फक्त वरच्या कड्यावर लागतो, तो कायम मोठ्या आवाजावर असतो, आणि मी काही विचारलं की त्याच्या मागे उभं असलेलं अर्धं गाव उत्तर देतं. मागच्या खेपेला मी बियांच्या ओलाव्याबद्दल विचारत होते, तर मागून कुणीतरी बाई म्हणाली, "ओलावा राहू दे, तिला विचार नवरा बघितलास का."

तू आमच्या घरी आलीस त्याला बरीच वर्षं झाली, पण मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. तू दाउलोच्या खिंडीपलीकडची, सिंबूची. मी तेव्हा लाए शहरात शिकायला होते. सुट्टीत घरी आले की तू मला ऊस सोलून द्यायचीस, मी खायचे, आणि आपण दोघी गप्प बसून राहायचो. आईला ते फार विनोदी वाटायचं. "या दोघींना एका खोलीत ठेवलं तर डुक्कर येऊन झोपेल मधे, यांना कळायचं नाही," म्हणायची. गप्प बसणाऱ्या दोन माणसांचं एक असतं वहिनी, त्यांचं भांडण होत नाही, पण त्यांना एकमेकांबद्दल काही कळतही नाही. जे कळत नाही तिथे माणूस अंदाज बांधतो. मीही बांधला. तो काय होता ते पुढे सांगते, क्रमाने सांगते, कारण मला क्रमानेच सांगता येतं.

मेलबर्नहून ब्रिजेट नावाची खरेदीदार गोरोकाला आमच्या कॉफीच्या कारखान्यात आली आहे, हे दादाने सांगितलं असेलच. तिने येताना जगातल्या नावाजलेल्या मुलखांची कॉफी छोट्या डब्यांतून आणली होती. आमच्या प्रयोगशाळेत लांब टेबलावर पेले मांडले, खाली फक्त अंक, नावं झाकलेली. आम्ही चमच्याने घोट ओढत एका टोकापासून निघालो. इथिओपियातल्या यिर्गाचेफेची मी पहिल्या घोटात ओळखली. आधी जाईचं फूल येतं, मागून लिंबाची साल. जाईचं फूल मी अजून पाहिलेलं नाही. शिकताना वासाच्या कुप्यांची पेटी असते, तिच्यातल्या एका कुपीवर ते नाव होतं, तेवढीच आमची ओळख. केनियातल्या न्येरीची कॉफी काळ्या द्राक्षासारखी, जीभ दोन्ही बाजूंनी आवळून धरते. सुमात्राची प्यायली की पाऊस थांबल्यावर रानात गुडघा टेकावा तसा ओल्या मातीचा वास येतो. पनामातली बोकेतेची एवढी सुगंधी की मला ती चहाच वाटते. ब्रिजेटला हे सांगितलं तर ती दुखावली. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर कॉफीच्या बिया मुद्दाम पावसाळी वाऱ्यात उघड्या ठेवतात, दाणा फुगून पिवळट होतो, आंबटपणा निघून जातो. पूर्वी जहाजात नकळत होत असे ते आता हौसेने करतात. आणि जमैकाच्या निळ्या डोंगरांतली, सौम्य, कुणाला न दुखवणारी. आपल्या डोंगरांतली पहिली रोपं त्याच बियांची, असं जुने लोक सांगतात. खरं-खोटं मला माहीत नाही, पण मावशीच्या चेहऱ्यात आई दिसावी तशी तिच्यात आपली कॉफी दिसते.

त्या ओळीत शेवटून दुसरा पेला हेवेगोपाचा होता. हंगामाच्या सुरुवातीच्या तोडणीचा. ताज्या उसाचा गोडवा, संत्र्याची साल, आणि गिळल्यावर मागे काहीही राहत नाही, नुसतं स्वच्छ पाणी प्यायल्यासारखं. ब्रिजेटने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "ही कुठली आहे? आणि इतकी वर्षं हिला दुसऱ्यांच्या पोत्यात का मिसळत होतात?" मी नाव उघडलं तेव्हा माझा आवाज नेहमीसारखाच होता. मी तो तसा ठेवला.

तिने आपल्या गावाची कॉफी वेगळी घ्यायचं ठरवलं आहे. पिशवीवर हेवेगोपा हेच नाव छापणार, यिर्गाचेफेच्या शेजारी दुकानात ठेवणार. अट एकच, पोत्यातला प्रत्येक दाणा आपल्या कड्यावरचा हवा. दुसऱ्या खोऱ्यातली, रस्त्यावर विकत घेतलेली कॉफी आत गेली आणि कुणाच्या जिभेला कळलं, तर नाव त्याच दिवशी पुसलं जाईल, पुन्हा लिहिलं जाणार नाही. पारखायचं आणि सही करायचं काम माझ्याकडे आलं. आमचे प्रमुख म्हणाले, "तुझंच गाव आहे, म्हणजे तुला दुप्पट कडक व्हावं लागेल. बाहेरचा एक दाणा निघाला तर लोक म्हणतील, पोरीनेच आत घातला." मी म्हटलं, मला कडक व्हायला वेगळं कारण लागत नाही.

मग दुसऱ्या तोडणीचे नमुने आले, प्रत्येक घराचा वेगळा. सगळे स्वच्छ. एक पेला वाकडा निघाला. त्याच्यात धूर होता. अंक उघडून पाहिला तर आपलं घर.

आता तूच विचार कर, मी काय समजायला हवं होतं. सध्या कोरडे दिवस आहेत. सकाळी धुकं उठलं की संध्याकाळपर्यंत लख्ख ऊन. अशा दिवसांत कॉफीला धूर लागायचं कारणच नाही. बी धुवायची, ओढ्यावरून आणायची आणि दारासमोर ताडपत्रीवर पसरायची. पावसाच्या महिन्यांत लोक घरात आगटीवर वाळवतात, तेव्हा धूर लागतो, आणि ती कॉफी आम्ही बाजूला काढतो. कोरड्या दिवसांत धुराचा वास आला तर आमच्या धंद्यात त्याचे दोनच अर्थ. एक, कॉफी चोरीची आहे, म्हणून उन्हात न पसरता घरात लपवून वाळवली. दोन, ती दुसऱ्या गावाची आहे, जिथे ऊन मिळत नाही.

आणि ऊन कुठे मिळत नाही? तुझ्या माहेरी. तुमच्याकडे दुपारीच ढग खाली उतरतात, तुमच्या लोकांना घरात वाळवावंच लागतं. तुझे भाऊ हंगामाच्या आधी आपल्याकडे येऊन गेले होते, ते मला माहीत होतं. यंदा हेवेगोपाच्या नावाला किंमत येणार, हेही खोऱ्यात सगळ्यांना कळलं होतं. मी हे सगळं ओळीने मांडलं आणि खाली उत्तर आलं ते तुझं नाव. मला वाटलं, वहिनीच्या भावांची पोती आमच्या पोत्यात रिकामी होत आहेत आणि दादा बायकोपुढे गप्प बसला आहे. पटकन पटलं मला ते. इतक्या पटकन पटलेल्या गोष्टी मी एरवी पुन्हा तपासते.

तपासायला म्हणून आधी आईशीच बोलायचं ठरवलं, कारण आपल्या ताडपत्रीवर कुणाची बी पडली हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार. दादाला फोन केला. म्हटलं, आईला कड्यावर घेऊन ये. तो म्हणाला, "आई बागेत गेलीय." दुसऱ्या दिवशी केला, आई बागेत. त्यानंतर एकदा अंधार पडल्यावर केला, तरी बागेतच. मी विचारलं, "अंधारात काय करतेय?" तर म्हणतो, "रताळी खणतेय. रताळ्यांना काय कळतंय दिवस आहे का रात्र." मागे कुणी हसलं नाही. एरवी त्याच्या असल्या विनोदांवर निदान तो स्वतः तरी हसतो.

तेव्हा मी रविवारी निघाले, न कळवता. मिनीबसमधून उतरून चढणीला लागले तर ओढ्यावरच्या पुलापाशी दादा बसलेला. माझ्या येण्याची वार्ता माझ्या आधी पोहोचली होती. आपल्या रस्त्यावर ते नवीन नाही. तो म्हणाला, "वर जाऊ नकोस, दरड खचलीय, चिखलात गुडघ्यापर्यंत जाशील." हे तो बोलत असताना वरून चर्चची दोन माणसं पांढऱ्या कपड्यांत उतरली. दोघांचे बूट कोरडे. मी बुटांकडे पाहिलं, आणि दादाने मी पाहिल्याचं पाहिलं. मी म्हटलं, "आई कशी आहे?" "उत्तम. तुझ्यासाठी रताळी दिलीत." त्याने रताळ्यांनी भरलेला, दोऱ्याने विणलेला बिलूम माझ्या हातात दिला आणि मिनीबसपर्यंत सोडायला आला, मी खरंच चढते का ते बघायला.

रताळी मी गोरोकाला येऊन जमिनीवर ओतली. लहान-मोठी एकत्र होती, आणि कितीतरी रताळ्यांवर फावड्याचे वार. आई काठीने खणते. आयुष्यात तिने रताळं कापलेलं नाही. कापलेलं रताळं म्हणजे आंधळ्याने खणलेलं, असं म्हणते. आणि लहान रताळी ती डुकरांना ठेवते, लेकीला पाठवत नाही. म्हणजे ती रताळी आईने खणली नव्हती, निवडलीही नव्हती. दादा खोटं बोलत होता, हे तर पुलावरच कळलं होतं. आता कळलं की ते खोटं कॉफीबद्दलचं नाही, आईबद्दलचं आहे. मला वाटलं, तुमचं तिच्याशी भांडण झालं असेल. बाहेरची पोती घरात आलेली तिला चालली नसतील आणि तिला कुठे तरी नात्यात पाठवून दिलं असेल. बघ, तेव्हाही माझ्या हिशेबात चोर तूच होतीस.

गोताहाला मी दुसऱ्या दिवशी स्टँडवर गाठलं. मिनीबस चालवणाऱ्याला रस्त्याकडेच्या प्रत्येक घराची खबर असते आणि तो ती फुकट देतो. तो सुपारी चघळत म्हणाला, "तुमच्या दारासमोर हल्ली ताडपत्री दिसत नाही, ताई. म्हातारीही दिसत नाही. पूर्वी कशी काठी घेऊन बसायची, कोंबडी आली की हाणायची, मी हॉर्न वाजवला की मलाही उगारायची. आता दार बंद. छपरातून दिवसभर धूर." मी विचारलं, "आणि वहिनी?" त्याने सुपारीची पिंक टाकली. म्हणाला, "ती दिसते की. उजाडायच्या आधी ओढ्यावर जाते. कपडे धुते म्हणतात. एवढे कसले कपडे? मांजरीसारखी पावलं टाकते, तोंडातून शब्द नाही. मी काही म्हणत नाही हां, लोक म्हणतात. सिंबूकडच्या बायका, त्यांचं काही सांगता येत नाही." आणि हसला.

मी हसले नाही. वहिनी, पलीकडच्या कड्यावर गेल्या वर्षी म्हातारा गेला आणि त्याच्या सुनेवर करणीचा आळ आला, त्यानंतर काय झालं ते तुला माहीत आहे. ते घर तू रोज ओढ्यावर जाताना पाहतेस, म्हणजे त्याचे जळके खांब. तीही बाहेरून आलेली होती. तीही फार बोलत नसे. गोताहाचं बोलणं ऐकताना मला एकदम जाणवलं की लोक ज्या वाटेने तुझ्यापर्यंत पोहोचत आहेत, ती वाट माझी ओळखीची आहे. बाहेरची आहे, गप्प असते, तिचे भाऊ येऊन गेले, म्हणजे तिनेच. मी प्रयोगशाळेत बसून, पांढरा कोट घालून, अगदी तिथूनच चालत गेले होते.

म्हणून मी तो नमुना पुन्हा काढला. या वेळी मुळापासून. आधी नुसत्या हिरव्या बिया काळ्या कापडावर पसरून पाहिल्या. त्यात एकही फुटका दाणा नव्हता, एकही काळा नव्हता, आणि एकही एकांडा नव्हता. फळात दोन बियांऐवजी एकच गोल बी भरते, ती एकांडी. ती गावात कुणी वेगळी काढत नाही, कारण तिच्यात दोष नसतो. फक्त आई काढते. "ही एकटी वाढलेली आहे, भाजताना सगळ्यांच्या पुढे पळते," म्हणते आणि जुन्या मोज्यात टाकते. म्हणजे त्या बिया बाहेरच्या नव्हत्या. आईच्या हाताखालून गेल्या होत्या, एकूण एक, आणि नुकत्याच. तिला कुठेही पाठवलेलं नव्हतं.

मग भाजल्या आणि चाखल्या. धुराखाली लक्ष दिलं. धूर बाजूला सारला की खाली तोच ऊस, तीच संत्र्याची साल. आणि धूरसुद्धा एकाच लाकडाचा, सुरूचा, आपल्या बागेत कॉफीवर सावली धरायला लावलेल्या सुरूच्या झाडांचा. चोर घाईत वाळवतो, त्याच्या बिया एका बाजूला करपतात, दुसरीकडे ओल्या राहतात. तुमच्याकडची वरच्या माळ्यावर वाळते, तिला वरून वास, आत कच्चेपणा. या बिया चारही बाजूंनी सारख्या वाळलेल्या होत्या. कुणीतरी दिवसभर आगटीजवळ पडून त्या हाताने वरखाली करत होतं. जिचे डोळे ठीक आहेत, बोटं ठीक आहेत, पण जी उठून दारापर्यंत जाऊ शकत नाही, आणि जिला भर उन्हाच्या दिवसांत आगीची ऊब लागते.

एवढं कळल्यावर राहिला एकच प्रश्न, बिया तरी बाहेर उन्हात का पसरल्या नाहीत. त्याचं उत्तर गोताहाने मला आधीच दिलं होतं, मला ऐकू आलं नव्हतं. ताडपत्रीपाशी कायम आई बसते. माझ्या जन्मापासून दुसरं कुणी तिथे बसलेलं गावाने पाहिलेलं नाही. ताडपत्री पसरली आणि तिथे तू बसलीस, तर येणारा-जाणारा विचारणार, म्हातारी कुठे आहे. आणि म्हातारी आजारी आहे हे कळलं, की पुढचा प्रश्न ते विचारणार नाहीत, आपसातच ठरवतील, कुणी केलं. म्हणून तुम्ही ताडपत्रीच काढली नाही. कॉफी घरात ठेवली, दार लावलं, दादाला पुलावर बसवलं, आणि तू तिचे कपडे अंधारात धुतलेस. मला न सांगण्याचं कारणही आता कळतं. शहरातली लेक अवेळी रडत डोंगर चढताना दिसली, की गाव शोकाचा मांडव घालायला बांबू तोडायला जातं. हे डोकं दादाचं नाही. त्याला एवढं सुचत नाही, आणि तू स्वतःसाठी कुणाला खोटं बोलायला लावशील असं आता मला वाटत नाही. हे आईचं आहे. ती तुला राखते आहे, आणि त्यासाठी धूर खाते आहे. तिला नेमकं काय झालं आहे ते मला चवीतून कळत नाही. माझ्या जिभेची धाव आगटीपर्यंतच. पण बंद घरात, धुरात, औषधाविना ती बरी होणार नाही, हे सांगायला चव घ्यावी लागत नाही.

आता मी का लिहिते आहे ते. गुरुवारी सकाळी आमच्या कारखान्याची गाडी हेवेगोपाला येईल. ड्रायव्हर आमचा आहे, गोताहा नाही. त्याच्याजवळ लेखी बोलावणं असेल: ज्या बाईच्या हाताने दाणे निवडले तिला मेलबर्नच्या पाहुणीला भेटायचं आहे. हे खोटं नाही. आईच्या निवडलेल्या बिया दाखवून मी ते ब्रिजेटकडून म्हणवून घेतलं, म्हणजे लिहिताना मला अडचण येऊ नये. तेच शब्द दादाकडून पाठ करून घे आणि गाडी येण्याआधीच त्याला बाजारात मोठ्याने सांगू दे, त्याला ते आवडेल. आईला सिंगसिंगच्या नाचाचा साज घाल, शिंपल्यांच्या माळा, पिसं, सगळं, आणि चेहऱ्यावर लाल-पांढरा रंग जाड लाव. रंगाखाली चेहरा कसा आहे ते कुणाला दिसत नाही. तिला चालवू नका. मान्यवर माणसाला नेतात तसं खुर्चीवर बसवून खांद्यावरून गाडीपर्यंत आणा, लोक गातील, गाऊ दे. तू तिच्याबरोबर गाडीत बसायचंस. मागे राहायचं नाही, कुणी काहीही म्हटलं तरी. घराला दादा पुरे. गाडी आधी इस्पितळात थांबेल, तिथे माझी एक ओळखीची परिचारिका दारात उभी असेल, आणि मी असेन. आई बरी झाली तर उत्तमच. आणि जे आपल्याला नको आहे ते झालंच, तर ते डॉक्टरसमोर होऊ दे, आजाराला आजाराचंच नाव मिळू दे, तुझं नको. कॉफीचं म्हणशील तर आपल्या घराच्या पोत्यावर मी धूर असं लिहून ते बाजूला काढलं आहे, तसं ते आहेच. बाकी सगळ्या घरांच्या कॉफीवर सही केली, ती सगळी हेवेगोपाची आहे, नाव छापलं जाईल. आता शेवटचं एक काम. हे पत्र आगटीत टाक, आणि मग ताडपत्री बाहेर काढ. दारासमोर पसर, या पिशवीतल्या बिया तिच्यावर ओत, आईची काठी हातात घे आणि तिच्या जागी बस. भर दुपारी, सगळ्यांना दिसेल अशी. कुणी विचारलं म्हातारी कुठे आहे, तर मान खाली घालू नकोस. कोंबडी हाकलत सांग, ती आत आहे, शहरात जायची तयारी करते आहे. गोताहाने हॉर्न वाजवला तर त्याच्यावरही काठी उगार.

तुझीच नणंद,
केझाया